थर्मामीटर कोणाच्या हाती?

जून महिना उजाडला की आता आपल्या वस्त्यांमध्येही नीटच्या गुणांची चर्चा सुरू होते. कोणाला किती पडले, कटऑफ कुठे थांबेल, सरकारी मिळेल की खाजगी, जात वैधता प्रमाणपत्र वेळेत हाती येईल की नाही, हे विषय चहाच्या टपरीपर्यंत पोहोचले आहेत. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ही चर्चा मूठभर नोकरदार घरांपुरती होती. आज शेतमजूर, रिक्षावाला, नगरपालिकेचा सफाई कामगार, सगळ्यांच्या घरात ती होते. बाबासाहेबांनी शिकण्याचा जो मार्ग दाखविला त्याचेच हे फळ आहे, यात शंका नाही. परंतु या सगळ्या गदारोळात एक साधा प्रश्न कोणी विचारत नाही. ज्या मुलाला किंवा मुलीला डॉक्टर व्हायचे आहे, तिने रुग्ण पाहिला आहे काय? नातेवाईक आजारी पडला म्हणून केसपेपरच्या रांगेत उभे राहणे वेगळे. रुग्णालय आतून कसे चालते, जखम कशी धुतात, नातेवाइकाला वाईट बातमी कशी सांगतात, रात्रपाळीची सिस्टर एकटी तीस खाटा कशा सांभाळते, हे तिने पाहिले आहे काय?

काही वाचक म्हणतील, असे काही पाहावे अशी अट आपल्याकडे आहे कुठे? बरोबर आहे, नाही. नीटमध्ये १८० प्रश्न असतात, ७२० गुण असतात आणि विषय तीन: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र. लातूर किंवा कोटा येथील क्लासमध्ये दोन वर्षे कोंडून घेतलेला सतरा वर्षांचा मुलगा आयुष्यात एकदाही वॉर्डात न जाता देशात पहिला येऊ शकतो. अमेरिकेत असे होत नाही. तेथे वैद्यकीय महाविद्यालयात अर्ज करणाऱ्याने दवाखान्यात किती तास घालवले, रुग्णवाहिकेवर किंवा शुश्रूषा सहायक म्हणून काम केले का, एखाद्या डॉक्टरच्या मागे उभे राहून त्याचे काम पाहिले का, हे अर्जात लिहावे लागते आणि त्याला वजन असते. ब्रिटनमध्येही तसेच. विशेष म्हणजे तेथील महाविद्यालये आता स्पष्ट सांगतात की हा अनुभव मोठ्या रुग्णालयातलाच हवा असे नाही. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना भरवण्याचे, अंघोळ घालण्याचे पगारी काम केले असेल तर तेही धरले जाईल. हे वाक्य आपण पुन्हा एकदा वाचावे. म्हाताऱ्याला अंघोळ घालण्याचे काम डॉक्टरकीच्या अर्जात धरले जाते! आपल्या देशात हे काम ज्यांच्या वाट्याला आले त्यांना डॉक्टरच्या खुर्चीजवळ उभे राहायलासुद्धा परवानगी नव्हती.

आता आपल्याच सातारा जिल्ह्यातील पाचगणीकडे या. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मध्ये असलेले हे पठार. १८६० च्या दशकात जॉन चेसन या इंग्रज माणसाने ते थंड हवेचे ठिकाण म्हणून वसवले. पुढे निवासी शाळा आल्या. हवा कोरडी आणि महाबळेश्वराच्या मानाने पाऊस कमी, म्हणून क्षयरोगी आले. १९१२ साली डॉ. रुस्तम बिलिमोरिया या पारशी डॉक्टरने येथे क्षयरोग्यांसाठी बेल-एअर सॅनेटोरियम उभे केले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला १९४३ साली. तोवर उपचार म्हणजे मोकळी हवा, सकस अन्न आणि महिनोन्‌महिने विश्रांती. म्हणजे डॉक्टरपेक्षा शुश्रूषा करणाऱ्यावर रुग्णाचे आयुष्य अवलंबून होते. कोणी वेळेवर दूध दिले, कोणी अंथरूण उन्हात टाकले, कोणी थुंकीचे भांडे उचलून जंतुनाशकाने धुतले, यावर तो जगणार की मरणार हे ठरत असे. थुंकीची भांडी आणि बेडपॅन उचलणारे हात या देशात कोणत्या समाजाचे असत, हे या दैनिकाच्या वाचकाला सांगायला नको. पुढे हे रुग्णालय रेडक्रॉसकडे गेले. क्षय औषधांनी आटोक्यात आला तशी सॅनेटोरियमची गरज संपली. मग एचआयव्हीच्या काळात घरच्यांनी टाकून दिलेल्या रुग्णांची तेथे शुश्रूषा झाली. आज तेथे नर्सिंगचे महाविद्यालयही आहे.

त्याच पाचगणीत दोन प्रकारची तरुण मुले राहतात. एक, लाखांत वार्षिक शुल्क असलेल्या निवासी शाळांमधली. त्यातली काही परदेशात शिकायला जाणार. त्यांच्या अर्जात 'सेवाकार्य' नावाचा रकाना असतो. रुग्णालयाला दिलेली भेट, तेथे घालवलेले काही तास त्या रकान्यात लिहिले जातात आणि ते कामी येते. दुसरी, आजूबाजूच्या गावांतली आणि बाजारपेठेमागच्या वस्तीतली. यांच्या घरातली आई-मावशी कुठल्यातरी दवाखान्यात आया म्हणून, कोणी हॉटेलात, कोणी शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाकघरात. या घरातल्या मुलीने आईचा डबा पोहोचवता पोहोचवता जेवढे आजारपण पाहिलेले असते तेवढे त्या निवासी शाळेतल्या मुलाने चित्रपटातसुद्धा पाहिलेले नसते. पण तिच्याकडे रकानाच नाही. तिचा अनुभव कोणी विचारत नाही, म्हणून तिलाही तो अनुभव आहे असे वाटत नाही. ती म्हणते, "आई दवाखान्यात झाडू मारते." संपले. आई रोज काय पाहते, कोणत्या रुग्णाची अवस्था बिघडणार हे तिला डॉक्टरच्या आधी कसे कळते, हे विचारण्याची रीतच आपल्याकडे पडलेली नाही.

हे असे का झाले, हे समजून घेतल्याशिवाय उपाय सुचणार नाही. मनूच्या धर्मशास्त्रात चिकित्सकाला श्राद्धाच्या पंगतीत बसवू नये, त्याचे अन्न खाऊ नये, असे सांगितले आहे. कारण उघड आहे. वैद्य रक्ताला, पुवाला, मळाला शिवतो. सर्व जातींच्या शरीराला शिवतो. म्हणजे एकेकाळी रुग्णाला हात लावणे हे हलके काम होते. इंग्रजांनी मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू केले, डॉक्टरकीला पगार आणि प्रतिष्ठा आली, आणि मग तीच मंडळी, जी या स्पर्शाला विटाळ मानत होती, ती पहिल्या बाकावर जाऊन बसली. विटाळ मात्र संपला नाही. त्याची वाटणी झाली. प्रतिष्ठेचा स्पर्श डॉक्टरकडे गेला आणि घाणीचा स्पर्श मेहतराकडे, आयाकडे, सुईणीकडे राहिला. आजही अनेक सरकारी रुग्णालयांच्या शवागारात काय चालते ते पाहा. सुरी चालवणारा, कवटी उघडणारा, शेवटी टाके घालणारा माणूस चतुर्थश्रेणी कर्मचारी असतो. डॉक्टर बाजूला उभे राहून नोंद करतात, सही करतात. वीस वर्षे हे काम केलेल्या माणसाला यकृत कुठे, प्लीहा कुठे, विष घेतलेल्याचे जठर कसे दिसते, हे पाठ असते. त्याच्या मुलाला मात्र शरीररचनाशास्त्राचे पुस्तक परके वाटते, कारण ते इंग्रजीत आहे आणि बापाच्या ज्ञानाला त्या पुस्तकात नाव नाही.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' या बाबासाहेबांच्या आठवणी आपल्यापैकी अनेकांनी वाचल्या आहेत. त्याची सुरुवात साताऱ्यापासूनच होते. १९०१ साली लहानगा भीमराव भावंडांसह साताऱ्याहून निघून मसूर स्टेशनवर उतरतो आणि गाडीवान मिळत नाही, ती हकीकत सर्वांना ठाऊक आहे. त्याच लेखनात पुढे बाबासाहेबांनी एक पत्र घेतले आहे, त्याकडे मात्र कमी लक्ष जाते. ते पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त प्रसिद्ध झाले होते. लिहिणारा काठियावाडातला एक अस्पृश्य शिक्षक. त्याची बायको बाळंत झाली आणि काही दिवसांनी आजारी पडली. श्वास लागला, छाती सुजली. तो डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने अस्पृश्यांच्या वस्तीत येणार नाही म्हणून सांगितले. नगरशेठची रदबदली झाली, दोन रुपये फी कबूल झाली, तेव्हा डॉक्टर आला, पण बाळंतिणीला वस्तीबाहेर आणायच्या अटीवर. दोन दिवसांच्या बाळाच्या आईला बाहेर आणले गेले. डॉक्टरने थर्मामीटर काढला आणि एका मुसलमान गृहस्थाच्या हातात दिला. त्याने तो नवऱ्याला दिला. नवऱ्याने तो बायकोला लावला. परत त्याच वाटेने तो डॉक्टरकडे आला. दिव्याच्या उजेडात पाहून डॉक्टरने न्यूमोनिया असल्याचे सांगितले आणि औषध पाठवले. नंतर तो पुन्हा आला नाही. ती बाई मरण पावली.

वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने या घटनेकडे पाहा. डॉक्टर शिकलेला होता. पदवी खरी होती. न्यूमोनियाचे निदान कदाचित बरोबरही असेल. पण त्याने नाडी पाहिली नाही, छातीला नळी लावली नाही, पोट दाबून पाहिले नाही. बाळंतिणीला ताप आला तर गर्भाशयात काही दोष आहे का, हे पाहण्याचा प्रश्नच नव्हता. ज्याला वैद्यकीय भाषेत क्लिनिकल अनुभव म्हणतात, तो म्हणजे शेवटी रुग्णाच्या शरीराजवळ जाणे, त्याला हात लावणे, त्याचे ऐकणे. पदवी असून ते त्याच्याकडे नव्हते. आणि त्या रात्री तिच्या शरीराला खरोखर ज्याचा हात लागला, ज्याने ताप मोजला, तो तिचा नवरा, अस्पृश्य शिक्षक होता. त्याच्याकडे पदवी नव्हती.

याच्या बत्तीस वर्षे आधी पुण्यात काय घडले होते तेही आठवावे. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी आपले डॉक्टर पुत्र यशवंत यांना बोलावून हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना सुरू केला. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग गायकवाड या मुलाला प्लेग झाला, तेव्हा त्यांनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. सावित्रीबाई डॉक्टर नव्हत्या. पण दवाखान्यात जे काम सर्वांत आधी करावे लागते, म्हणजे रुग्णाला उचलणे, ते त्यांनी केले.

काम करता करता डॉक्टर होण्याची वाट आपल्याकडे कधी नव्हतीच असेही नाही. सांगली जिल्ह्यातील मिरजेचे उदाहरण घ्या. १८८९ साली भारतात आलेल्या डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभे केले आणि १८९७ साली त्याला जोडून वैद्यकीय शाळा काढली. (हेच ते प्लेगचे वर्ष.) हाताखाली शिकलेली माणसे मिळेनात, म्हणून माणसे तेथेच तयार करायची, असा तो व्यवहार होता. आधी रुग्णालय, मग शाळा. विद्यार्थी पहिल्यापासून वॉर्डात. त्या काळात देशभर अशा शाळांमधून परवानाधारक डॉक्टर तयार होत. त्यांचा अभ्यासक्रम पदवीपेक्षा लहान आणि स्वस्त होता. १९४६ साली भोर समितीने सांगितले की डॉक्टर एकाच दर्जाचा हवा, परवानाधारकांचे शिक्षण बंद करावे. समितीतल्या काही सदस्यांनी त्याला विरोध नोंदवला, पण निर्णय तोच झाला. एकच दर्जा हे तत्त्व म्हणून योग्य आहे. गरिबांसाठी कमी शिकलेला डॉक्टर आणि श्रीमंतांसाठी पुरा शिकलेला, हे आम्हालाही मान्य नाही. परंतु खालचा दरवाजा बंद करताना वर जाण्याचा जिना कोणी बांधला नाही. परिणाम असा की आज एखादी परिचारिका वीस वर्षे अतिदक्षता विभागात काम करते, नव्या इंटर्न डॉक्टरांना शीर कशी पकडायची ते शिकवते, आणि तरी एमबीबीएसच्या दारात तिची किंमत बारावी झालेल्या कोणत्याही मुलाइतकीच. तिच्या वीस वर्षांचे गुण शून्य.

आशाताईंचे तर विचारूच नका. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले तेव्हापासून गावोगावी या बायका गरोदर मातांची नोंद ठेवतात, बाळाचे वजन करतात, क्षयाच्या रुग्णाने गोळी घेतली का ते पाहतात. कोरोनात घराघरांत जाऊन ऑक्सिजनची पातळी मोजली ती यांनीच. त्यांना पगार नाही, मोबदला आहे. शासन त्यांना स्वयंसेविका म्हणते, म्हणजे कामगार म्हणून हक्क मागायची सोय नाही.

येथे कोणी म्हणेल की सेवेचा अनुभव प्रवेशात मोजणे म्हणजे गुणवत्तेशी तडजोड. हा जुना सूर आहे आणि त्याला उत्तर व्यवस्थेनेच देऊन ठेवले आहे. एमबीबीएस झालेला डॉक्टर ग्रामीण भागात सरकारी सेवेत काम करत असेल, तर पदव्युत्तर प्रवेशात त्याच्यासाठी राज्यांनी वेगळ्या जागा ठेवायला हरकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ३१ ऑगस्ट २०२० रोजी सांगितले. म्हणजे डॉक्टरने खेड्यात केलेली सेवा ही पात्रता ठरते. मग परिचारिकेने, प्रयोगशाळा तंत्रज्ञाने, कक्षसेवकाने त्याच खेड्यात, त्याच दवाखान्यात केलेली सेवा पात्रता का नाही? तामिळनाडूने २०२० साली सरकारी शाळेत शिकलेल्या मुलांसाठी वैद्यकीय प्रवेशात साडेसात टक्के जागा ठेवल्या. नीट उत्तीर्ण व्हायचेच, पण स्पर्धा आपल्यासारख्यांशी. याच धर्तीवर महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य सेवेत किमान पाच वर्षे काम केलेल्या कर्मचाऱ्यांसाठी सरकारी महाविद्यालयांत काही जागा का असू नयेत? सातारा येथे २०२१-२२ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १०० जागांवर सुरू झाले आहे. मिरजेचे महाविद्यालय १९६२ पासून आहे. या दोन ठिकाणी वर्षाला दोन-दोन जागा ठेवल्या तर कोणाचे आकाश कोसळणार आहे?

आणि सेवेसाठी वेगळा निकष ही कल्पना महाराष्ट्राला नवीही नाही. वर्ध्याच्या सेवाग्राम येथील वैद्यकीय महाविद्यालयात नीट येईपर्यंत स्वतःची प्रवेश परीक्षा होती आणि त्यात गांधी विचारांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असे. गांधींचे विचार पाठ केले तर डॉक्टरकीसाठी गुण. पण गांधींनी ज्यांचे गुणगान केले त्या मैला उचलणाऱ्याच्या मुलाला, तो प्रत्यक्ष वॉर्डात राबला तरी, अर्धा गुण नाही!

एवढे असूनही, अनुभव ही प्रवेशाची सक्तीची अट करावी, या मागणीला आपण विरोधच केला पाहिजे. अधूनमधून इंग्रजी वृत्तपत्रांत अशी सूचना येते की केवळ पाठांतरावर डॉक्टर निवडू नयेत, मुलाखत घ्यावी, सेवाभाव पाहावा, रुग्णालयात काम केल्याचे प्रमाणपत्र मागावे. ऐकायला छान वाटते. पण हे प्रमाणपत्र देणार कोण? डॉक्टर. कोणाच्या मुलाला देणार? मित्राच्या. ज्याचे वडील सर्जन त्याला लहानपणापासून शस्त्रक्रियागृहाचे दार उघडे. त्याची फाइल प्रमाणपत्रांनी भरलेली असेल. ब्रिटनमध्ये नेमका हाच अनुभव आला, म्हणून तर त्यांना वृद्धाश्रमातले कामही चालेल असे सांगावे लागले. आपल्याकडे तर त्याहून वाईट होईल. २००७ साली प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने दिल्लीच्या एम्समधील जातिभेदाचा अहवाल दिला. लेखी परीक्षेपेक्षा प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेत आपल्यावर अन्याय होतो, अशी अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांची तक्रार त्यात आहे. जिथे परीक्षकाला आडनाव कळते, चेहरा दिसतो, तिथे जात घुसते. लेखी परीक्षेत कितीही दोष असले तरी उत्तरपत्रिका तपासणाऱ्या यंत्राला आडनाव वाचता येत नाही. तेव्हा नीट कसाही असो, त्या जागी कोणाच्या तरी 'मर्जी'चे प्रमाणपत्र आणू नये.

म्हणून अनुभव सक्तीचा नको, पण सर्वांना मिळण्यासारखा हवा. तो का हवा, याचे कारण प्रवेशाच्या पलीकडचे आहे. आपली मुलगी पहिल्या वर्षाला जाते तेव्हा तिच्या बाकावर बसलेल्या मुलाला रक्तदाब मोजता येतो, वॉर्डातली भाषा येते, सरांशी कसे बोलायचे ते येते, कारण घरात दवाखाना आहे. हिला काहीच येत नाही असे तिला वाटते. आधी इंग्रजीची भीती, त्यात आरक्षणावरून टोमणे, त्यात हे. २०१९ पासून नव्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षीच रुग्ण दाखवायचे ठरले आहे, सुरुवातीला पायाभूत अभ्यासक्रमही ठेवला आहे. ते चांगलेच आहे. पण तोवर प्रवेश झालेला असतो, फी भरलेली असते. डॉक्टरकी आपल्याला झेपेल का, आवडेल का, रक्त पाहून चक्कर येते त्याचे काय, हे आधी पाहायला मिळाले तर दोन-दोन वर्षे 'रिपीट' करून घरची शेती गहाण टाकणारी काही मुले कदाचित नर्सिंग, फिजिओथेरपी, औषधनिर्माण यांकडे आनंदाने वळतील, आणि जी वळणार नाहीत ती पक्क्या निर्धाराने उतरतील.

हे काम चळवळीला करता येण्यासारखे आहे. समाजकल्याणच्या वसतिगृहात अकरावी-बारावी विज्ञानाची मुले राहतात. पाचगणीपासून पसरणी घाट उतरला की वाईला ग्रामीण रुग्णालय आहे, साताऱ्यात जिल्हा रुग्णालय आहे. दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस, रोज चार तास, पाच-सहा मुलांची तुकडी तेथे बसू शकते. कुठे बसायचे? आधी केसपेपरच्या खिडकीमागे. मग बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरच्या शेजारी. मग ड्रेसिंगच्या खोलीत. लसीकरणाच्या दिवशी सिस्टरबरोबर. क्षयरोगाच्या औषधांच्या टेबलावर. आणि एक पूर्ण दिवस सफाई कामगाराबरोबर, लाल आणि पिवळ्या पिशव्यांत कोणता कचरा का वेगळा करतात ते समजून घेत. यासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांना पत्र लागेल. ते पत्र वसतिगृहाच्या गृहपालाने आणि स्थानिक संघटनेने मिळून द्यावे, म्हणजे टाळता येणार नाही. बार्टीसारख्या संस्थेने हा उपक्रम हाती घेतला तर राज्यभर होऊ शकेल. आणि ज्यांच्या घरात परिचारिका, तंत्रज्ञ, कक्षसेवक आहेत अशा आपल्या कर्मचाऱ्यांना यात मार्गदर्शक म्हणून बोलवावे. पंधरा वर्षे झाडू मारणाऱ्या मावशींना मुलांसमोर खुर्ची देऊन विचारावे, की रुग्ण बिघडतोय हे तुम्हाला कसे कळते?

काही मर्यादा मात्र कडक पाळाव्या लागतील. मुलांनी रुग्णाला सुई लावायची नाही, टाका घालायचा नाही, गोळी सांगायची नाही. गावाकडे कंपाउंडरच्या हाताखाली राहून इंजेक्शन द्यायला शिकलेली मुले पुढे बोगस डॉक्टर होतात आणि त्यांच्या सुईने मरतात ती आपलीच माणसे. रुग्णाला विचारल्याशिवाय तपासणीच्या वेळी थांबायचे नाही. गरीब रुग्णाला कोणी विचारत नाही, म्हणून तर आपल्या मुलांनी विचारले पाहिजे. आणि पाहिलेले बाहेर बोलायचे नाही. विशेषतः एचआयव्ही असलेल्या माणसाची ओळख त्याच्या संमतीशिवाय उघड करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. पाचगणीसारख्या लहान गावात एक शब्द बाहेर गेला तर त्या माणसाची भाड्याची खोली जाते.

ज्या भगिनी आणि बांधव आधीच आरोग्य सेवेत आहेत त्यांच्यासाठी दोन गोष्टी. नीटला आता वयाची वरची अट राहिलेली नाही. आणि बारावी कला शाखेतून झाली असली तरी, नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने काढलेल्या सूचनेनुसार, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र हे विषय मान्यताप्राप्त मंडळातून नंतर अतिरिक्त म्हणून उत्तीर्ण झाल्यास नीटला बसता येते. राखीव प्रवर्गाला या विषयांत ४० टक्के गुण लागतात. तीस वर्षांच्या परिचारिकेने नोकरी सांभाळून हे करणे सोपे नाही, पण दार कायद्याने बंद नाही, एवढे तिला कोणीतरी सांगितले पाहिजे.

७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. दिवाळीची सुट्टी त्याच सुमारास येते. सातारा आणि सांगली जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी यंदा भाषणांच्या जोडीला पहिली तुकडी रुग्णालयात पाठवायचे ठरवले, तर तयारी उन्हाळ्यातच करावी लागेल. पत्रव्यवहाराला वेळ लागतो हे एक कारण. दुसरे म्हणजे रुग्णालयात जाणाऱ्या मुलाला हिपॅटायटिस-बीची लस हवी. लहानपणी झालेली नसेल तर तिचे तीन डोस घ्यावे लागतात, पहिल्यानंतर एक महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. मे महिन्यात सुरुवात केली तर नोव्हेंबरमध्ये ते पूर्ण होतात.